राणू अजून उभी आहे

बोरखडी, खळ्यावरून
फाल्गुन वद्य चतुर्थी, शके १८६३
दिवेलागण

प्रिय दिनकर,

उठवली. पुन्हा पुढचे गुडघे मोडायला लागली होती. सटवाजीनं मागून खांदा लावला, मी लगाम वर ओढला, आणि ती उठली. आता उभी आहे. मान खाली आहे, पण पाय सरळ आहेत. दावं मी डाव्या मनगटाला गुंडाळून घेतलं आहे आणि उजव्या हातानं लिहिते आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. कागद जोंधळ्याच्या पोत्यावर आहे, शिसपेन्सिल पटवाऱ्याच्या पोराकडून मागून आणलेली आहे. सगळीकडे भुसा उडतो आहे. पत्र उघडशील तेव्हा थोडा तुझ्या वकिलाच्या बैठकीवर सांडेल. झटकून टाक.

राणू म्हणजे आमची घोडी. तू तिला एकदाच पाहिलीस, यांच्या तेराव्याला आला होतास तेव्हा, आणि तेही ओसरीवरून. दादांच्या तट्टानं तुला ओढ्यात पाडलं तेव्हापासून चार पायांचं मोठं काही दिसलं की तू मागे सरतोस. मला त्यानं पाडलं नव्हतं, हे तू घरात कधी सांगितलं नाहीस. मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुलगी तट्टावर बसलीच कशी, हा प्रश्न आधी आला असता. राणूला यांनी माळेगावच्या जत्रेतून आणलं. येताना तिच्यावर बसले नाहीत, सगळी वाट शेजारून चालत आले, कारण तिच्या मागच्या खुराला काटा लागला होता. मला त्यांनी जन्मात नावानं हाक मारली नाही. घोडीला मात्र गोठ्याच्या दारातूनच राणूबाई म्हणायचे. मला हसू यायचं.

ती कशानं आजारी पडली ते सांगते. यांची एक रीत होती. मळणी संपली, बैल सुटले, की देवाचा नैवेद्य निघायच्या आधी नव्या जोंधळ्याचं सूप राणूपुढे धरायचे. नदीपलीकडच्या रानाची राखण तिच्या जिवावर होते, म्हणून पहिला घास तिचा, असं म्हणायचे. काल सांजेला मळणी संपली. मी घरी होते. सटवाजी, आमचा सालगडी, यांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा, त्याला वाटलं की मालक नाहीत तर मालकांची रीत तरी चुकू नये. त्यानं सूप भरलं, राणूपुढे धरलं, तिनं ते चाटूनपुसून खाल्लं, आणि वर त्यानं तिला पोटभर पाणी दाखवलं. यांच्या सुपात मूठभर दाणे असायचे आणि बाकी सगळा भुसा. पाणी दुसऱ्या दिवशी. मला ते ठाऊक होतं, कारण भुसा मीच चाळून द्यायची. सटवाजीनं इतकी वर्षं लांबून सूप पाहिलं होतं, सुपात काय आहे ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नवा जोंधळा घोड्याच्या पोटात फुगतो. सकाळी मी खळ्यावर आले तर राणू आडवी पडून पोटाला लाथा झाडत होती, अंगावर घाम होता, आणि सटवाजी रिकामं सूप मांडीवर घेऊन तिच्या डोक्याशी बसला होता. मला बघून म्हणाला, "लय न्हवतं वो बाई. सूपभरच व्हतं." त्यानं आज दिवसभर भाकरीला हात लावला नाही. मी त्याला म्हटलं की तू उपाशी राहून तिचं पोट उतरायचं नाही. तरी जेवला नाही.

आणि आजच उपणायचं होतं, वाऱ्यावर भुसा उडवायचा होता. जिंतूरच्या बाजूला दोन दिवस ढग धरतात. गेल्या फाल्गुनात मानवतकडे गारा झाल्या, तेव्हा लोकांच्या राशी खळ्यावर कुजल्या. तुमच्या परभणीत त्याची बातमी झाली असेल, इथं तो कुजका जोंधळा बाजरीत कालवून पुढच्या सुगीपर्यंत खाल्ला गेला. त्यामुळे आज वारा येईल तेव्हा खळ्यावर सगळे हात लागणार होते. वाऱ्याला सांगता येत नाही की आज घोडी आजारी आहे, उद्या ये.

मदारसाब नालबंद गावात बैलांना पत्र्या ठोकायला आला होता, त्याला बोलावून घेतलं. घोड्यांचा डॉक्टर परभणीला असेल. राणू परभणीपर्यंत चालत गेली असती तर डॉक्टर लागलाच नसता. मदारसाबनं तिच्या पोटाला कान लावला, बराच वेळ लावला, मग दुसऱ्या बाजूनं लावला. म्हणाला की आत आवाज नाही. ओवा, हिंग, काळं मीठ गरम करडीच्या तेलात कालवलं आणि तिला बांधाशी आणून बांबूच्या नळीनं तिच्या घशात ओतलं. अर्धं माझ्या खांद्यावर आलं. अजून त्याचा वास येतो आहे. मग तो म्हणाला, "बैठने नक्को देव, बाई. बैठी, लोटी, तो गई. लीद पडी तो बची." बसून लोळली की आतडं पिळतं, म्हणून तिला चालतं ठेवायचं, लीद पडेपर्यंत. वाचेल का, असं मी विचारलं. त्यानं हत्यारं पिशवीत भरली आणि म्हणाला की मला खुरांपर्यंतचं कळतं, त्याच्या वर अल्ला मालिक. औषधाचं काही घेतलं नाही. शेजारच्या गावी बैल पत्र्यांसाठी खोळंबले होते, तिकडे गेला.

तेव्हापासून सगळं खळं एका घोडीच्या लिदेची वाट बघत होतं. येणारा जाणारा बांधावरून पहिलं तेच विचारी. कोंडाबाई, म्हणजे सटवाजीची बायको, कंटाळून एकाला म्हणाली की पडली की दवंडी देतो, तुमी घरी जाऊन बसा.

खळ्याची रीत तुला सांगायला नको. तरी सांगते, कारण तू शाळेत होतास तेव्हा दादा मला खळ्याशेजारी बांधावर बसवून ठेवायचे आणि मला ती तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. चपला बाहेर. रास मोजताना बडबड करायची नाही. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. सवाष्णीनं राशीला हळदकुंकू वाहायचं आणि बाहेर यायचं. माझ्यासारखीनं त्या सारवलेल्या गोलाच्या आत पाऊल टाकायचं नाही, राशीची बरकत जाते. गेल्या वर्षी हळदकुंकू मी वाहिलं. यंदा सकाळपासून बांधावर बसून भाकऱ्यांची पाटी सांभाळत होते आणि इथूनच हे करा ते करा सांगत होते. रान माझं, बी माझं, राखण मी केली. तरी मला ते विचित्र वाटलं नाही. हे तुला खरं सांगते. सकाळपर्यंत वाटलं नव्हतं.

राणूला फिरवायला खळ्याखेरीज जागा नाही. बाहेर धसकटं आहेत आणि काळ्या रानाला हातभर भेगा पडल्या आहेत. धड जनावर अडखळेल, तर ही लगेच पडली असती. म्हणून सकाळी सटवाजी तिला खळ्याच्या कडेकडेनं फिरवत राहिला. बैल आत चालतात, घोडी चालते. ऊन डोक्यावरून थोडं सरलं आणि एकदम वारा सुटला. चांगला, एकसारखा, मावळतीकडून. सटवाजीनं लगाम कोंडाबाईकडे दिला आणि उपणायच्या उंच तिवईवर चढला. कोंडाबाई घोड्याला वाघाइतकी भिते. तिनं लगाम दोन बोटांत धरला, राणूनं मान हलवली, आणि कोंडाबाईनं तो सोडून दिला. आणि पाट्या भरून वर कोण देणार? रोजानं आलेल्या दोघी राशीवरचा भुसा झाडत होत्या, त्यांना तिथून हलता येत नव्हतं. राणू सुटली ती खळ्याच्या मधल्या खांबापाशी, तिवड्यापाशी गेली आणि पुढचे पाय मुडपू लागली.

मी चपला काढल्या आणि आत गेले.

फार विचार केला असं तुला वाटेल. केला नाही. लगाम धरला, तिला ओढलं, चालवायला लागले. एक फेरी झाल्यावर लक्षात आलं की सगळ्यांचे हात थांबले आहेत. सटवाजी तिवईवर पाटी डोक्याइतकी उंच धरून उभा होता आणि त्याचे डोळे मिटलेले होते. वारा वाया चालला होता. मग कोंडाबाई म्हणाली, "बाई, आत आलाव तर आलाव. एका हातानं पाटी तरी वर द्या." मी दिली. एका हातात लगाम, दुसऱ्या हातानं पाटीचा एक कान, दुसरा कान कोंडाबाईकडे. राणू दोन पावलं फिरली की मी दोन पावलं, मग पुन्हा पाटी. सटवाजीनं डोळे उघडले की नाही मला माहीत नाही, पण दाणे सरळ खाली पडत होते आणि भुसा बाजूला जात होता. उन्हं कलेपर्यंत माझ्या छातीएवढी रास झाली. इतका स्वच्छ जोंधळा तू पाहिला नसशील.

फिरता फिरता मी तुझ्या पत्राचा विचार करत होते. तू लिहिलं आहेस की माजघरामागची खोली सारवून घेतली आहे, ती माझी, आणि मला कशाला हात लावावा लागणार नाही. खोली मला माहीत आहे. कडूआत्या राहायची ती. आत्याला घरात कुणी वाईट वागवलं नाही. दादा सणाला आईच्याही आधी तिला लुगडं घ्यायचे. तिला कशाला हात लावावा लागत नव्हता, म्हणून ती दिवसभर वाती वळायची. किती वाती, दिनकर. आपण दोघांनी त्या वाती चोरून ओढ्यात सोडल्या होत्या, आठवतं? तिनं दुसऱ्या दिवशी नव्या वळायला घेतल्या आणि कुणाला काही म्हणाली नाही. आत्याचं रान कोणत्या गावाला होतं, तू सांगू शकशील? तिच्या सासरी रान होतं. मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, व्हतं बाई, नदीच्या अंगाला व्हतं. आणि पुन्हा वात हातात घेतली.

यांच्या मागे मूल नाही, म्हणून माझं इथं काही नाही असं सगळ्यांना वाटतं. आबासाहेब, माझे चुलत दीर, तुझ्याशी बोलले ते याच धोरणानं. रान ते करतील, मला वर्षाचं धान्य पोचतं करतील, तू मला सांभाळशील. तुम्ही दोघं ओसरीवर बसून बोललात आणि मी आत चहा करत होते. त्यात आबासाहेबांचं मन काळं नव्हतं. यांच्या दुखण्यात ते उशाशी बसून होते, तुला ठाऊक आहे. पण वहिवाट ज्याची त्याचं नाव पटवारी पहाणीच्या कागदात चढवतो, आणि एकदा चढलं की निजामाच्या या मोगलाईत ते उतरत नाही, हे मला तूच शिकवलंस. तसले अर्ज तू रोज उर्दूत लिहितोस. दुसऱ्यांचे लिहितोस.

घोड्यावर मी कशी बसले तेही तुझ्यापर्यंत वेगळंच पोचलं आहे. आश्विनात पेरणीच्या दिवसांत सटवाजी तापानं पडला होता. पलीकडचं रान दोन कोसांवर, मध्ये पूर्णा, कमरेएवढं पाणी. निरोप आला की आबासाहेबांच्या गड्यांनी त्यांच्या बाजूनं वखराची पाळी घालता घालता माझा बांध कोरायला घेतला आहे. गड्यांचं काय, वखर वळवायला जागा लागते, आणि पलीकडे बघायला कुणी नाही हे बैलांनाही कळतं. मी राणूवर खोगीर टाकलं नाही, नुसतं घोंगडं टाकलं, कासोटा खोचला आणि बसले. पाण्यात ती एकदाही थांबली नाही. मी बांधावर जाऊन नुसती उभी राहिले. भांडले नाही. वखर आपापल्या हद्दीत गेले. त्यानंतर मी जात राहिले, कोळपणीला, राखणीला, काढणीला. गावात बोलले ते बोलले. आबासाहेब पारावर म्हणाले की वहिनींना आता तलवार तेवढी आणून द्या. लोक हसले. मलाही सांगणाऱ्यानं हसतच सांगितलं. मी म्हटलं, तलवार नको, पेरायला चांगलं बी द्या. ते मात्र त्यांच्यापर्यंत कुणी पोचवलं नाही.

म्हणून आज राणू पडली तर काय काय पडतं, हे खळ्यावर सगळ्यांना कळत होतं. घोडी नाही तर बाई पलीकडे जात नाही. बाई जात नाही तर रान आबासाहेबांचं. येणारा जाणारा लीद विचारत होता तो उगीच नाही.

उन्हं कलल्यावर आबासाहेब आले. राशीला पहिलं माप भावकीतल्या पुरुषानं घालायचं, म्हणून मीच त्यांना काल निरोप पाठवला होता. नवा फेटा, हातात नारळ. कडेला येऊन थांबले. मी आत आहे हे त्यांना आधी दिसलंच नाही, घोडी दिसली. मग म्हणाले, "वहिनी, बाहेर व्हा." मी चालता चालता सांगितलं की थांबले तर ही बसेल. ते म्हणाले बसू द्या. मुक्या जनावराला मरायची तरी मोकळीक द्या, तुमचं ठरलं ते ठरलं, आता हा हट्ट कुणासाठी? आवाज चढवला नाही त्यांनी. त्यांच्या डोळ्यांत कीव होती, आणि मला तीच सहन झाली नाही. मी आणखी एक फेरी मारून आले. तोवर ते बांधावर टेकले होते. म्हणाले की या राशीला आता मला हात लावता येत नाही, शांती करून घेऊ, ब्राह्मणाला विचारू, परवा-तेरवा बघू. मी ढगांकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. मग मी म्हटलं, "राहू द्या, भावजी. मी मोजते."

ते म्हणाले, "मोजाल. घेणार कोण?"

त्यांचं खरं होतं. खळ्यावरचं धान्य एकट्याचं नसतं. त्यात गड्याचं आहे, रोजाच्या बायांचं आहे, सुताराचं, लोहाराचं, देवाचं आहे. विधवेच्या हातचं पहिलं माप कुणी पदरात घेतलं नाही तर ती रास तशीच पडून राहणार, आणि वरून पाऊस. मी लगाम खांद्यावरून घेतला, माप उचललं, राशीत खुपसलं, भरलं. मोठ्यानं म्हटलं, लाभ. माझा आवाज मला घोगरा वाटला. ते माप देवाचं, बाजूला ओतलं. दुसरं भरलं आणि सटवाजीपुढे धरलं, कारण देवानंतर गडी.

सटवाजीनं हात जोडले आणि मागे सरला. दिनकर, मला त्याचा राग आला नाही. तो म्हातारा आहे, सकाळपासून त्यानं एक रीत पाळायला जाऊन घोडी मरणाच्या दारी नेली होती, आता दुसरी मोडायला त्याच्यात बळ नव्हतं. पण माप माझ्या हातात तसंच राहिलं. आबासाहेब बांधावरून बघत होते. मापातले दाणे काठावरून घसरायला लागले.

कोंडाबाईनं नवऱ्याकडे बघितलं. म्हणाली, "सूप द्यायला म्होरं, न् माप घ्यायला मागं." आणि लुगड्याचा ओचा पसरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी ओतलं. दाणे पडले त्या वजनानं ती थोडी पुढे झुकली. मग रोजाच्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि आल्या. त्यानंतर कोण काय म्हणतं तिकडे मी लक्ष दिलं नाही. माप भरत गेले. राणू माझ्या मागे उभी होती, तिचा श्वास मानेवर येत होता. आबासाहेब कधी उठले कळलं नाही. नारळ बांधावरच होता. विसरले की ठेवून गेले, तेही कळलं नाही. कोंडाबाईनं तो तिथंच तिवईवर आपटून फोडला. राशीचा नारळ माघारी न्यायचा नसतो म्हणे. खोबरं सगळ्यांनी खाल्लं. सटवाजीनंही खाल्लं, दिवसातलं पहिलं.

उद्या गावात काय होईल ते मला ठाऊक आहे. सुतार येईल, कारण त्याच्या घरात दाणा नाही. लोहार दोन दिवस रुसेल. पारावर नवी थट्टा तयार होईल. गुरव देवाचं माप घेणार नाही, मग देवाला मी स्वतः नेऊन घालीन, देव काय म्हणतो ते बघीन.

आता पत्राचं कारण लिहिते. पाडव्यापासून रान आबासाहेबांनी करायचं आणि मी रास झाली की परभणीला यायचं, याला मी होय म्हटलं होतं. तुला कुणी फसवलं नाही, मीच निरोप धाडला होता. माझी ट्रंक भरलेली आहे. उद्या सकाळी तुझी दमणी गाडी मला न्यायला येईल, आणि तू खोलीत कंदील लावून ठेवला असशील. तो शब्द मी मोडते आहे. मी येणार नाही, दिनकर. उद्या नाही आणि पाडव्यानंतरही नाही. आबासाहेबांना मी स्वतः सांगेन, तू मध्ये पडू नकोस. त्यांना लिहूही नकोस. तुला काही करायचंच असेल तर माझ्या नावानं पहाणीचा अर्ज उर्दूत लिहून पाठव. सही मी बालबोधीत करीन. उद्या सकाळपर्यंत थांबून लिहिता आलं असतं. राणू वाचली असती तर तू म्हणाला असतास, घोडी वाचली म्हणून आक्काला चेव आला. मेली असती तर म्हणाला असतास, दुःखात आहे, दोन दिवसांनी येईल. म्हणून तिचं काय होतं ते कळायच्या आत, ती उभी आहे तोवर लिहिलं. अजून लीद पडलेली नाही. मी आता पुन्हा फिरवायला उठते.

तुझीच, पण इथली,
चतुराआक्का

सकाळी लिहिते. राणू पहाटे गेली. दमणी उजाडायला आली. बैलांना कडबा टाकला, गाडीवानाला भाकरी दिली. पत्र त्याच्याकडे देते आहे. दमणी रिकामी येईल. पोती घरी पोचवून मी पलीकडच्या रानात चालले आहे, नदीला पाणी घोट्याएवढंच आहे.